जाळी लावली का?

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. तिच्यापासून मला साधा तंबाखूचा खर्रा लपवता येत नाही — दारातच ओळखते — पण हे मात्र लपलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही रेवादादांना ओळखत नाही, कदाचित म्हणून.

रेवादादा म्हणजे केशोरीकडच्या आमच्या राईस मिलचे जुने मिस्त्री. मशीनचं काम मला त्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे शिव्या घालून शिकवलं. जेवताना मात्र अर्धी भाजी माझ्या डब्याच्या झाकणात टाकायचे, आणि वर म्हणायचे, खारट झाली आहे, तूच खा. ती कधीच खारट नसायची. माझ्या लग्नात ते इतके नाचले की चप्पल हरवली आणि अनवाणीच घरी गेले. असा माणूस. माझा फार जीव आहे त्यांच्यावर — हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

दादांची एक सवय होती. मशीनच्या पट्ट्यात कुणाचा हात जाऊ नये म्हणून त्यावर लोखंडी जाळी असते. दादा येता-जाता त्या जाळीवर तळहात टेकवायचे. जाळी किती थरथरते त्यावरून पट्टा ढिला झालाय का, हे त्यांना कळायचं. तिकडे बघायचेसुद्धा नाहीत, गप्पा चालूच. आम्ही चिडवायचो, डॉक्टरसाहेब नाडी बघताहेत म्हणून.

आता मुद्द्यावर यायला हवं. येतो.

दसऱ्याला मिल बंद ठेवून मशीनची पूजा करतात. त्या वर्षी मला उत्साह आला. कुंकू जाळीला कशाला, थेट पट्ट्याच्या चाकालाच लावू म्हणून मी सकाळी पान्याने बोल्ट सोडवून जाळी काढली. मग पाने, हातोडे, सगळी अवजारं पाटावर मांडली. पूजा झाली. आणि आमच्याकडे पूजेतलं अवजार त्या दिवशी उचलत नाहीत. पाना पाटावर, जाळी भिंतीला टेकलेली. राहू दे, उद्या लावू.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे होते आणि शेठजी येरझाऱ्या घालत होते. मी मिल सुरू केली. जाळी जेवणाच्या सुट्टीत लावणार होतो — खरंच लावणार होतो. थोड्या वेळाने दादा आले. मशीनच्या आवाजात दारातूनच ओरडून विचारलं, “जाळी लावली का रे?”

मी म्हणालो, “हो जी.”

का म्हणालो? शेठजींची भीती होती का? नाही. दादा चारचौघांत शिव्या घालतील, चालू मिल बंद करायला लावतील — बस, एवढंच. आणि शिव्या तर मी रोजच खात होतो. त्या दिवशी एक शिवी चुकवली मी.

दादा शेठजींशी बोलत-बोलत पट्ट्याजवळ आले आणि हात सवयीने गेला. टेकवायला जाळी नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मिल मीच बंद केली. मीच त्यांचं डोकं मांडीवर घेऊन गाडीतून गोंदियाच्या दवाखान्यात गेलो. लोकांनी माझं कौतुक केलं, आणि मी ते करू दिलं. पण थांबा, मला सांगायचंय ते अजून पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर होते, पण गोंधळलेले. मला म्हणाले, “मी तुले इचारलं होतं ना रे? जाळीचं?”

मी म्हणालो, “नाई जी दादा. तुमीच लावतो म्हनले होते. इसरले असान.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “होय का. मंग माझीच चुकी.” मी रडत होतो, तर चांगल्या हाताने माझीच पाठ थोपटली.

पुढे मिल सुधारली, अगदी मनापासून. आता दोघांनी डोळ्यांनी जाळी पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. दसऱ्याचं कुंकूही जाळीलाच लागतं. हे सगळं बघायचं काम शेठजींनी माझ्याकडे दिलं आहे. नवी माणसं आली की मी सांगतो, आमचे जुने मिस्त्री जाळी लावायची विसरले होते. एक-दोनदा दादा स्वतः आले, हात वर करून हसत म्हणाले, माझ्यावानी इसरू नोका. ऐकतात लोक. पण काम राहिलं असेल तर न घाबरता ‘नाही झालं’ म्हणा — शिकवायला हवं होतं ते हे. ते मी कधी बोललो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार?

बोटं नसण्याची दादांना सवय झाली. गेलं ते दुसरंच. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला. शेठजी नुसतं बसायला बोलावत होते, तरी ते कामावर आले नाहीत. कुलूप लावून निघतात आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन ओढून बघतात. नातीला सायकलवर बसवत नाहीत. ती रुसते, तर म्हणतात, आजोबाचं डोकं ठिकाणावर नसते बाई. आणि डोकं कसं आहे? माझ्या लग्नातल्या पंगतीत कोण कुठे बसलं होतं तेही सांगतील.

परवा दादा आणि त्यांची बायको लेकीकडे देवरीला गेले. जाताना चावी माझ्याकडे दिली — गॅस, मोटर, खिडक्या, सगळं तू एकदा पाहून घे म्हणाले. मी संध्याकाळीच गेलो. गॅस बंद, मोटर बंद, खिडक्यांना कड्या. बादलीसुद्धा पालथी घालून ठेवलेली. मी त्या स्वयंपाकघरात उभा होतो. मला स्वतःची किळस आली.

तेवढ्यात दादांचा फोन आला. काय-काय उघडं राहिलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, काही नाही दादा, सगळं बरोबर आहे. ते हसले. मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली.

“राहू दे रे,” दादा म्हणाले, “माझ्यापायी कायले खोटं बोलून राहिला?”