बांगडीच्या मापाचा पाइप

माझ्या हातात अडीचच्या बांगड्या बसतात. लग्नात सव्वादोनच्या भरल्या होत्या. पण सासरी कापूस वेचून अन् सरपण फोडून पंजा असा रुंद झाला की बांगडीवालाच म्हणाला, "सव्वादोन आता इसरा बाई, अडीच घ्या." हे माप मी उगाच सांगत नाही. माझ्या नवऱ्याने आमच्या मोटारीच्या सायलेन्सरला जो पाइप लावला, तोही अडीच इंची होता. आणि तो चुकीचा होता. चुकीचा आहे, हे त्याला लावतानाच माहीत होतं.

तोंडावर मी त्याला 'तुम्ही'च म्हणायची. आठवणीत मात्र तो 'तो' आहे. राग आला की माणूस एकेरीवर येतं, आणि मला अर्ध्यात सोडून गेल्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं घर यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या सडकेला लागून. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. घरात तिघंच: तो, मी आणि आत्या. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे उजेड-अंधार सोडला तर तिला काही दिसत नव्हतं. पण कान असे, की शेजारच्या घरी कणीक मळायला घेतली तरी हिला समजायचं. तो लढाईच्या काळात फौजेत होता, तिथे मोटारी खोलायला-जोडायला शिकला. गावात आल्यावर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. स्वतःची गाडी पाहिजे, हा किडा मात्र डोक्यात होताच.

ती गाडी त्याला एका जमीनदाराच्या गोठ्यात सापडली. अमेरिकन, आठ सिलिंडरची, आणि गाद्यांवर कोंबड्या अंडी घालत होत्या. लोक हसले. "हत्ती आणला, आता पोस म्हणा." यानेही मग हट्टाने पोसला. मागचा भाग कापून सवाऱ्यांसाठी बाकडी बसवली. सिलिंडर नागपूरहून कातून आणले आणि मोठे पिस्टन घातले. फौजेच्या जुन्या मालाच्या लिलावातला मोठा कार्बोरेटर चढवला. इंजिन असं तयार झालं की बाप्पा बाप्पा! पण धूर जायला जुना पाइप बारीक आणि गंजलेला. पळणाऱ्या माणसाचं नाक दाबून धरावं तशी गाडी घुसमटायची.

मग अंगणात तीन पाइप आले. एक पावणेदोन इंची, एक दोन, एक अडीच. भंगारातून निवडून आणलेले. एकेक पाइप तारेने बांधायचा, शेजारपाजारचे लोक बाकड्यांवर बसवायचे आणि सडकेवरच्या खिंडीच्या चढावर जाऊन यायचं, असं चाललं होतं. लोकांना फुकटची सैर, मला मात्र स्वयंपाक सोडून ही नाटकं बघत बसायचं.

"कोणता ठरला?" मी विचारलं.

त्याने चुलीजवळची फुंकणी उचलली. "हे पाह्य. फुंकणी लय बारीक असली त गाल फुगते, फूक बाहीर निंगत नाही. लय जाड असली त फूक पांगते, इस्तव पेटत नाही. इंजनाचं बी तसंच. पावणेदोननं ते गुदमरते. अडीचनं ओढ जाते, भरली गाडी चढावर रडते. दोन बरोबर."

"मंग लावा दोन अन् उठा. भाकरी थंडी होऊन राह्यली."

तो उठला नाही. फुंकणीशी खेळत म्हणाला, "दोनचा आवाज तुले कुठून आला?"

"आलाच नाही. दारात उभी राह्यली तवा समजलं."

"अन् अडीचचा?"

"खिंडीपासून," आत्या आतून म्हणाली. "म्या सांगतलं हिले, आला म्हून."

आमचं एक रोजचं भांडण होतं, ते इथे सांगायला पाहिजे. त्याच्या यायची वेळ कधी ठरलेली नसायची. चहा ठेवला की हा येत नसे, आणि आला की चहा उकळून उकळून शाई झालेला. मी करवादायची. आत्या तर सांज झाली की दारात बसून नुसती कान लावायची, आणि उशीर झाला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

त्याने माझा हात धरला, एक बांगडी हलकेच काढली आणि अडीचच्या पाइपाच्या तोंडावर ठेवली. बरोबर बसली.

"झालं. हाच."

"आत्ताच म्हणत होते ना, दोन बरोबर?"

"गाडीले दोन बरोबर. तुमाले दोघीले अडीच."

"लोक येडं म्हणतीन."

"म्हणू दे."

मग काय विचारता! खिंडीत गाडी शिरली की तो जाड, भरला आवाज टेकडीवरून उतरायचा. आत्या म्हणायची, "आला. ठेव वं चहा." मी आधण चढवायची, आणि चहा कपात ओतते न ओतते तोच गाडी दारात. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, असा उभ्यानेच तो चहा प्यायचा. सवाऱ्या कुरकुरायच्या. तसंही त्या कुरकुरतच आलेल्या असायच्या, कारण भरली गाडी खिंड चढायची नाही आणि अर्ध्या लोकांना उतरून चालावं लागायचं. हा हसत म्हणायचा, "पाय मोकळे करा जरासे, फुकट हाय." त्या पाइपाची किंमत अशी दुसऱ्यांच्या पायांनी चुकती होत होती. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मी सुखात होते.

मग त्याला कावीळ झाली. झाडपाला झाला, उतारे सोडून सगळं झालं, शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. त्याच गाडीत नेलं आणि त्याच गाडीत परत आणलं. तेव्हाही खिंडीतून आवाज आला असेल. आत्या घरी एकटी होती. तिने काय ऐकलं आणि तिला काय वाटलं, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

बाया जमल्या. एक जण रीतीप्रमाणे माझ्या बांगड्यांसाठी दगड घेऊन आली. आत्या चाचपडत आली आणि माझे दोन्ही हात तिने आपल्या छातीशी धरले. "दीक्षा घेतली आपण. ते आपलं नाही आता. माह्या सुनेच्या हाताले कोणी हात लावाचा नाही." बांगड्या राहिल्या. गाडी मात्र विकावी लागली. आर्णीच्या एका व्यापाऱ्याने घेतली आणि त्याच सडकेवर चालवायला लावली.

आणि इथून माझे हाल सुरू झाले. माणूस गेला, पण त्याचा आवाज राहिला. रोज सांजेला खिंडीतून तोच आवाज यायचा. आत्या ताठ व्हायची आणि म्हणायची, "ठेव वं चहा." काही डोकं फिरलं नव्हतं तिचं. पोरगा गेला हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी चहा तीन कप व्हायचा. गाडी दारावरून निघून जायची, आम्ही दोघी आमचा चहा प्यायचो, तिसरा तसाच राहायचा. मला वाटायचं, आग लागो त्या पाइपाला! सडो, गळो, पडो तो रस्त्यात! कानात बोटं घालून मी चुलीपुढे बसायची. पण आत्या दिवसभरातला पहिला घास त्या आवाजानंतरच खायची. म्हणून मी गप्प राहिले.

एका सांजेला गाडी दारातच थांबली. इंजिन तापलेलं, नवा ड्रायव्हर पाणी मागायला आला. बादली उचलता उचलता बोलला, "जीव खाल्ला या पाइपानं. चढावर गाडी उचलतच नाही. कोण्या येड्यानं बसवला काय मालूम!"

माझं टाळकंच सरकलं. "माह्या नवऱ्यानं! तो येडा नव्हता. दोनचा बरोबर हाय, हे तुह्या आधी त्याले मालूम होतं!"

त्या बिचाऱ्याने बादली खाली ठेवली. "माफ करा वहिनी, मले ठाऊक नव्हतं," म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या सेठ दोन इंची लावून राह्यले."

सहा महिने ज्याच्या नावाने बोटं मोडली, ते आपसूक होत होतं. तरी काहून लावता, कायले लावता, असलं काहीतरी मी बोलत सुटले. आत्या भिंतीला धरून सडकेपर्यंत आली. "बाबू, राहू दे ना तोच."

"माह्या हातात असतं त राहू देलं असतं, आजी. लोक चालून चालून शिव्या देतात."

ते खरं होतं. आत्या म्हणाली, "मंग चहा तरी पिऊन जाय." त्याने पाणी ओतून इंजिन चालू केलं आणि चहा पिईपर्यंत बंद केलं नाही. पायरीवर एक पाय ठेवून उभ्यानेच चहा प्यायला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, ड्रायव्हर लोक तसेच पितात. आत्या मागच्या बाजूला गेली आणि गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून थरथर हाताखालून निसटेपर्यंत, म्हणजे गाडी हलेपर्यंत, उभी राहिली. मी दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या सांजेला आम्ही दोघी दारात बसलो. खिंडीकडून काही आलं नाही. मग एकाएकी गाडी समोरच दिसली, सवाऱ्या भरलेली, कोणी उतरून चालत नव्हतं. झुळूक जावी तशी गेली. ड्रायव्हरने मला हात दाखवला. गाडीला ओढ छान आली होती. दोनच बरोबर होता.

थोड्या वेळाने आत्या म्हणाली, "आत्ता एक गाडी गेली ना वं?"

"हाव."

"कोणती?"

"दुसरी होती, आत्या."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अंधार पडायला लागला. मग अगदी हळू म्हणाली, "मंग आपली?"

इतक्या दिवसांत जे एकदाही माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते निघालं. "आपली आता येत नाही, आत्या."

आत्याने माझा हात शोधला आणि बांगड्यांवर तोंड ठेवून रडली. मीही रडले. त्या सांजेला चहा कोणी ठेवला नाही.