फ्लेक्सवरची पांढरी साडी

मुलीच्या लग्नाचा फ्लेक्स मी स्वतः जाऊन करून आणला, तिथंच चुकलं. गणपती बरोबर होता, नवरा-नवरी बरोबर होते. खाली कोपऱ्यात ‘विशेष उपस्थिती’ म्हणून बायकोच्या थोरल्या बहिणीचा फोटो टाकायचा होता. ताई मुंबईत हिंदी मालिकांत काम करतात. दुकानदारानं मोबाईलवर त्यांचा एक फोटो शोधला आणि मी लगेच ‘मस्त’ म्हणालो. पांढरी साडी, मोकळं कपाळ, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, अभिनय दिसतोय.

ताईंच्या अभिनयावर आमच्या बुऱ्हाणपुरात कुणीही बोलतं. त्या मुंबईला गेल्या तेव्हा ‘चांगल्या घरची पोरगी वाया गेली’ म्हणणारे आता त्या आल्या की फाटकापाशी मोबाईल सरसावून उभे राहतात. काम कसलं करतात ते मात्र कुणी विचारत नाही. मी सांगतो. आधी त्या नर्स होत्या, ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन नुसती मान हलवायच्या. मग शेजारीण झाल्या. मग नायकाची काकू झाल्या आणि तिथंच मुरल्या. काकूचं काम म्हणजे जिन्याखाली उभं राहून ऐकायचं. घरात कुणाच्या हातून पेला पडला की कॅमेरा तीनदा तोंडावर आदळतो आणि काकूनं तीनदा दचकायचं. शाळेच्या गॅदरिंगला अख्ख्या मांडवाला रडवणाऱ्या बाईला या मालिकावाल्या थोर लोकांनी दचकायला ठेवलं.

पुढं काकूच्या नवऱ्याचं काम करणारा नट दुसऱ्या मालिकेत गेला, तर लेखकांनी त्याला ट्रकखाली घालून टाकलं. ताईंना ते कळलं मेकअपच्या खुर्चीत, कपाळाची टिकली काढून घेतली तेव्हा. तेव्हापासून पांढरी साडी. लग्नासाठी त्यांनी सुट्टी मागितली, तर काकूला तीर्थयात्रेला धाडून दिलं. एवढीच यांची प्रतिभा.

सुट्टी हळदीसाठी होती. ताईंना मूलबाळ नाही. ‘मला पहिली हळद मावशीच लावेल’ हे आमची पोरगी बाहुलीचं लग्न लावायची तेव्हापासून सांगत आलेली, आणि ताईंनी ते मनात धरून ठेवलेलं.

हळदीच्या सकाळी बहादरपूरहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. पुढं नवरदेवाची आजी. दारातल्या फ्लेक्ससमोर ती थबकली.

“ही तुमच्या घरची आहे?”

“माझी अक्कडसासू, बायकोची थोरली बहीण,” मी ऐटीत म्हणालो.

आजी आत जाऊन बसली. पोरगी पाटावर आली. ताई हिरव्या साडीत, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून, हळदीची वाटी घेऊन पुढं झाल्या, तशी आजीनं हात आडवा केला.

“तू नको वं माय. पहिली हळद सवाष्णीनं लावा लागते.”

“मी सवाष्णच आहे, आजी.”

“मी रोज पाहते ना टीव्हीत. तुह्या नवऱ्याच्या फोटोले हार घातलेला आहे. तो गेला त्या दिवशी मी जेवली नव्हती.”

मांडवात शिकलेल्या बायका काही कमी नव्हत्या. एक तर कॉलेजात शिकवते. सगळ्या वाटीकडे बघत बसल्या. कॉलेजवाली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “भाऊजी, तसं काही नसतं, पण शंका कशाला ठेवायची? दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या.” बाई विज्ञान शिकवते.

मी धावत जाऊन साडूंना आणलं. ते अंगणात मावा जलेबी खात होते, तसेच चिकट हातानं आले.

“हे बघा आजी, ताईंचे मिस्टर. जिवंत आहेत.”

आजीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “हा नव्हे. तो उंच होता.”

“मी पहिल्यापासून एवढाच आहे,” साडू पडेल आवाजात म्हणाले.

मग मी मालिका म्हणजे काय, नट म्हणजे काय, हे समजावू लागलो. आजी शांतपणे म्हणाली, “खोटं आहे तर दारावर का लावलं?”

पाटावरून पोरगी म्हणाली, “मावशी नाही लावणार, तर मला हळदच नको.” ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, ते पाहिलं नसतं तर बरं होतं. वाटी बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात दिली, कुंकवाचा करंडा उचलला आणि आजीला म्हणाल्या, “चला. विधवा ती दारावरची आहे ना?”

सगळ्या जणी मागोमाग दाराशी. ताई स्टुलावर चढल्या आणि फ्लेक्सवरच्या स्वतःच्या मोकळ्या कपाळावर अंगठ्यानं कुंकू दाबलं. चांगलं रुपयाएवढं. मग खाली उतरून म्हणाल्या, “झालं?”

आजीनं मान तिरकी करून पाहिलं. “हां. आता बरी दिसते. अशीच राहत जाय.”

ताईंनी आत येऊन पोरीच्या गालाला हळद लावली. इथं कॅमेरा नव्हता, तीनदा दचकायचंही नव्हतं. पोरगी मावशीच्या कुशीत तोंड घालून रडली आणि साडी पिवळी झाली. मग त्याच बाया ताईंबरोबर फोटो काढायला रांगेनं उभ्या राहिल्या. कॉलेजवाली सर्वांत पुढं. आजीसुद्धा पदर सारखा करून चिकटली.

पाहुण्या गेल्यावर मी स्टूल घेऊन निघालो. “फ्लेक्स उतरवतो,” बायकोला म्हणालो.

“राहू द्या,” ती म्हणाली. “उद्या वऱ्हाड येईल. बघू दे सगळ्यांना, माझ्या बहिणीला स्वतःचं कुंकू स्वतःच चढून लावावं लागलं. आणि तुम्ही त्याच्या खालीच उभे राहा. फोटो कुणी पसंत केला, तेही कळू दे.”