उताऱ्यावर नाव मागणारी

"बरं, मंग?"

समोरच्यानं कितीही मोठं काही सांगितलं तरी सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणायची. तेही उभ्यानं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं ओढणीचं टोक पिळणं चालू. खुर्ची दिली तर तिच्या पाठीला रेलून उभी राहणार आणि खुर्चीच पुढेमागे डोलवत राहणार. एकदा आमच्या साहेबांनी महिला दिनाचं भाषण केलं. गुलाबाचं फूल, पेढा, स्त्री ही शक्ती वगैरे. टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला, "बरं, मंग?" साहेबांना वाटलं, मागे ऐकू गेलं नाही. बिचाऱ्यांनी शेवटची दोन वाक्यं पुन्हा म्हणून दाखवली.

तुमच्या ओळखीत अशी एखादी असेल, तर मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळेल. असं माणूस जवळ असलं की निवांत चहा पिता येत नाही आणि नसलं की चहा गोड लागत नाही. तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर फोन करून भांडेल. खरं म्हणजे भांडायला का होईना तिनं फोन करावा असं मला फार वाटतं, पण ते राहू द्या.

जळगावच्या बाहेर केळीची रोपं तयार करणारी एक नर्सरी आहे, तिथे आम्ही तिघं कामाला होतो. मी ऑफिसात बसून शेतकऱ्यांचं बुकिंग घ्यायची. ती शेडनेटमध्ये रोपं सांभाळायची. तिसरा निलेश, रोपांच्या गाड्या भरून रवाना करणारा.

निलेश फैजपूरजवळच्या गावचा. घरी चांगली बागायत, केळीची जुनी बाग. नोकरीची त्याला काडीची गरज नव्हती. पण हल्ली आमच्याकडे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. म्हणून बाप मुलाला सांगतो, वर्ष-दोन वर्षं कुठेतरी नोकरी धर, बायोडाटावर कंपनी लिही, लग्न झालं की ये परत. याला आम्ही लग्नापुरती नोकरी म्हणतो. निलेशची तसलीच. दिवसभर गाड्यांवर रोपं चढवायचा आणि बायोडाटात 'डिस्पॅच ऑफिसर' होता.

दुपारी शेडच्या मागे उलट्या क्रेटवर बसून आम्ही डबे खायचो. म्हणजे आम्ही दोघं बसायचो. ती डबा हातात घेऊन फेऱ्या मारायची आणि बोलायची. काय बोलायची म्हणून विचारू नका. ज्या गोष्टी मी सख्ख्या बहिणीशी कुजबुजत बोलले असते, त्या ती निलेशसमोर खुशाल काढायची.

"निलेश, तुमच्याकडे पाळी आलेल्या बाईला चुलीजवळ जाऊ देता का?"

निलेशचा घास अडकला. "नाही जात कोणी. आई मानते अजून."

"आणि बागेत?"

"बागेत जावंच लागतं ना. काम कोण करेल?"

"म्हणजे विटाळ भाकरीला होतो, केळीच्या घडाला होत नाही. बरं, मंग?"

निलेश पाणी प्यायला. मला हसू आवरेना. पण पुढे मला पाळी आली आणि आईनं माझं ताट वेगळं ठेवलं, तेव्हा पहिल्यांदाच मी तिला विचारलं, हे का? आई म्हणाली, "कोणाच्या संगतीला लागलीस?"

ती धुळ्याकडची, शिंदखेडा तालुक्यातली. चिडली की तिच्या तोंडून अहिराणी निघायची. वडील ती शाळेत असतानाच गेले. आजोबांच्या जमिनीची वाटणी झालेली नव्हती. काकांच्या ताब्यातल्या त्याच रानात तिच्या आईनं वर्षानुवर्षं मिरची लावली, कापूस वेचला, रात्रीचं पाणी भरलं. मग एका दुपारी काका आले आणि म्हणाले, "वहिनी, आते आम्ही बठ्ठं कसूत." आता सगळं आम्ही कसणार. आईनं विळा तिथेच बांधावर ठेवला आणि घरी आली. भांडणसुद्धा झालं नाही. सातबाराच्या उताऱ्यावर आईचं नाव कुठेच नव्हतं, तर भांडायचं कशावर?

हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा क्रेटवर बसली. मग लगेच उठून रोपांना पाणी द्यायला गेली. पाणी सकाळीच देऊन झालं होतं.

त्या हिवाळ्यात निलेशच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. एकट्याला जायची लाज वाटते म्हणून त्यानं आम्हा दोघींना सोबत नेलं. तुम्ही असा मेळावा पाहिला असेल. मंगल कार्यालय माणसांनी भरलेलं, मुलं ढिगानं, मुली मोजक्या. छातीवर नंबर लावून एकेक मुलगा स्टेजवर येतो, नाव, शिक्षण, नोकरी सांगतो आणि खाली उतरून बापाकडे बघतो. निलेशची पाळी आली. "सध्या जळगावला ऑफिसर आहे. थोडी शेती आहे, ती वडील बघतात."

तिनं माझ्या कानात म्हटलं, "खोटं काय बोलतो हा? बाग निसवायला लागली, घड बाहेर पडायला लागले, की हा सुट्टी टाकून गावाला पळतो. घड किती आले ते सांगताना डोळे कसे होतात याचे, पाहिलं नाहीस?"

"हळू बोल."

"त्यातलं एक वाक्य इथे बोलला असता तरी कोणी हो म्हटलं असतं." एवढं म्हणून ती माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मेळाव्यातून काही निष्पन्न झालं नाही. पुढच्या रविवारी निलेशनं बागेत भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे हिवाळ्यात बागेत बसून भरीत खाल्लं नाही तर हिवाळा आला असं वाटतच नाही. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, मिरच्या भाजायच्या, लाकडी भांड्यात ठेचायचं. भाजणं-ठेचणं पुरुषांचं, कौतुकही त्यांचंच. निलेशच्या आईनं पुऱ्यांचा डबा पाठवून दिला होता. आई स्वतः पलीकडच्या ओळीत केळीची वाळलेली पानं कापत होती. बोलावलं तरी जेवायला आली नाही.

जेवणं झाल्यावर आमची मैत्रीण उठली, बागेत दूरवर जाऊन आली आणि हातातली काटकी मोडत म्हणाली, "निलेश, मी लग्न करते तुझ्याशी. मला शेतीच करायची आहे. तुला खोटं बोलायला नको आणि मला शहर नको."

निलेश मिठाचा पुडा हातात धरून तसाच बसला. त्याचा चेहरा असा काही फुलला, की त्याच्या मनात हे कधीपासून होतं ते मलाही दिसलं.

"पण उताऱ्यावर तुझ्या बरोबरीनं माझं नाव लागलं पाहिजे. दोन एकरावर का होईना. आधी नाव, मग हळद."

"आबांना विचारतो," निलेश म्हणाला.

आबा म्हणजे त्याचे वडील. जमीन सगळी त्यांच्या नावावर. त्यांनी काय उत्तर दिलं, ते निलेशनं दुसऱ्या दिवशी शब्दाशब्दानं सांगितलं. आधी त्यांनी तिची जात विचारली. जात वेगळी. आबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "चालते. आता जातीपातीचं काय घेऊन बसले? पोरगी कष्टाची हाये, करून टाकू." निलेशला वाटलं, जिंकलो. मग त्यानं नावाचं काढलं. आबा उठून उभे राहिले. "उताऱ्यावर नाव? ते काय लुगडं हाये का, आली सून की नेसव?"

घ्या. आमच्या आजोबांच्या काळी ज्या जातीवरून डोकी फुटली असती, ती आबांनी पान थुंकावं तशी थुंकून टाकली. जमीन काही सुटेना. मला हसावं की रडावं कळेना. ती मात्र हसली नाही. "बरं, मंग? तुझं काय म्हणणं?" तिनं निलेशला विचारलं.

"मी समजावतो त्यांना. थोडा वेळ दे."

तिनं वेळ दिला. त्या दिवसांत तिच्याकडे बघवत नसे. रोपांचे ट्रे उगाच इकडचे तिकडे करायची, बोलताना अर्ध्यातच उठून जायची. एकदा माझ्या स्कूटीवर मागे बसली असताना मेहरूणच्या तलावाजवळ म्हणाली, "मला तो आवडतो गं. तेच तर वाईट आहे. आवडत नसता तर नावाशिवायही केलं असतं लग्न. पटलं नाही तर सोडून आले असते. त्याला मी सोडू शकणार नाही, म्हणून पायाखाली माझं काहीतरी पाहिजे." मी गाडी चालवत होते म्हणून बरं झालं, तिला माझे डोळे दिसले नाहीत.

निलेश वाईट नव्हता हो. फक्त त्याला आबांपुढे दुसरं वाक्य बोलता येत नव्हतं. पहिलं बोलायचा, आबा ओरडायचे, तो गुरांना चारा टाकायला निघून जायचा.

उन्हाळा लागला तशी तिनं नोकरी सोडली. दोंडाईच्याजवळ थोडी जमीन खंडानं, म्हणजे वर्षाच्या भाड्यानं घेतली, आईला सोबत नेलं आणि पपई लावली. जाताना मला म्हणाली, "खंडाची तर खंडाची. करारावर नाव तर माझं शे." निलेश गाडी भरत होता. त्यानं हातातला ट्रे खाली ठेवला नाही आणि ती थांबली नाही. तिच्या जागी आलेली मुलगी शांतपणे खुर्चीत बसून चहा पिते. फार चांगली मुलगी आहे. मला तिच्याशी काय बोलावं सुचत नाही.

पुढचं वर्षभर आबांनी निलेशला मुली दाखवल्या. कुणी बायोडाटा पाहून नाही म्हणाली, कुणी गाव पाहून. शेवटी आबा थकले. "लाव म्हना तिचं नाव," म्हणाले. निलेश धावत ऑफिसात आला आणि माझ्यासमोरच त्यानं स्पीकरवर तिला फोन लावला.

आबा नाव लावायला तयार झाले, हे त्यानं एका दमात सांगितलं. मग तिनं विचारलं, "तुझ्या आईचं आहे का नाव?"

"आईचं? आईचं कशाला?"

"मी तुमच्या बागेत एकदा भरीत खाल्लं, निलेश. ती तिथे म्हातारी झाली. आधी तिचं लाव. माझं नंतर बघू."

निलेशनं यातलं 'नंतर बघू' तेवढं ऐकलं. त्या आशेवर तो जन्मात पहिल्यांदा आबांपुढे दुसरं वाक्य बोलला, तिसरंही बोलला. घरात दोन दिवस अबोला झाला. पण तलाठ्याकडे अर्ज गेला, रीतसर नोंद झाली आणि आबांच्या नावाखाली आईचं नाव लागलं. त्याचं जेवण म्हणून मला घरी बोलावलं. भरीत, पुऱ्या, सगळं.

ओट्यावर पंगत बसली होती. निलेशची आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तिले फोन लावून दे बाई. मले बोलायचं हाये." मी लावून दिला. दोघींची कधी समोरासमोर भेट झालेली नव्हती, पण अशा बोलायला लागल्या जणू एकाच बांधावरच्या. "मी निलेशची माय... हां, लागलं नाव... पपई कशी हाये? पिवळी पडते का? पानी जास्त नको देऊ तिले... हां... येते ना, येते!" आई हसत होती. एवढं मोठ्यानं हसताना तिला मी प्रथमच पाहिलं. आबा मान खाली घालून जेवत होते. निलेशचा घास हातातच होता.

फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "माह्याबद्दल काय म्हने?"

"तुह्याबद्दल काही निघालं नही रे." आईनं फोन मला परत दिला. "रविवारी पपई पाह्यले जाते मी."

"मी येऊ संगं?"

आई त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला त्याची दया आली होती, ते दिसत होतं. तरी ती म्हणाली, "तिनं मले बलावलं, बाबा. तुले नही."

निलेश हात धुवायला उठला. ताटात भरीत तसंच होतं.