सुतकाची रजा मिळाली, पोरीची नाही

माझी धाकटी बहीण गगनबावड्याकडे दिली होती. पहिल्याच बाळंतपणात ती गेली आणि मागे पोर राहिली. सासरी तिला कुणी हात लावेना. "पांढऱ्या पायाची हाय, आईला खाल्ली," असं म्हणायचे. बाराव्याला दाजींनी चार माणसांदेखत पोर माझ्या ओटीत घातली. आमच्यात ओटीत घातलं की पोर त्या बाईची होते, पुन्हा कुणी विचारत नाही. मला मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं टाकलेली मी कोल्हापुरात सूतगिरणीत रिळावर कामाला होते.

बहिणीचं सुतक म्हणून गिरणीनं रजा दिली होती. मुकादम स्वतः म्हणाला होता, "जावा बाई, सुतक हाय."

परत कामावर गेले ती पोरीला काखेत घेऊनच. घरी सांभाळायला कुणी नव्हतं. गिरणीच्या पाळणाघरातली बाई दारातच आडवी आली.

"आईनं आणलेलंच पोर घेतो आमी. तुझं हाय व्हय हे?"

"ओटीत घातलंय."

मागं रिळाच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "नवरा न्हाय, कळा न्हाईत, आयतं पोर! नशीब काढलंस की गं!"

मी मान खाली घातली. माझं आयुष्य असंच मान खाली घालण्यात गेलंय.

मुकादमानं मला साहेबांपुढं उभं केलं. पोर बाटलीचं दूध ओकत होती, अंगावर मांस नव्हतं. दूध पचायला लागेपर्यंत रजा द्या, एवढंच माझं मागणं होतं. साहेब गोड बोलले. त्याचीच मला जास्त चीड येते.

"बाई, तुम्ही कुठं बाळंत झालात? बाळंतपणाची रजा आईला असते. बहिणीसाठी सुतकाची दिली की."

"ती मेली म्हणून रजा दिली," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मलाच ओळखू येईना. "मग तिची पोर जगवायला का न्हाय?"

साहेबांनी पुढची फाईल ओढली. मुकादम म्हणाला, "पोर आश्रमात द्या, न्हायतर काम सोडा. दोन डगरींवर हात ठेवू नका."

मी पोर उचलली आणि घरी आले. माझं नाव कमी केलं. पुढं राजारामपुरीत भांडी घासायला लागले. पोर मोरीच्या कडेला फडक्यावर निजायची. कुणाची म्हणून तिथं कुणी विचारलं नाही, फक्त रडू देऊ नको म्हणायचे. हळूहळू तिला दूध पचायला लागलं.

थंडीत त्याच रिळाच्या बायका कुंची घेऊन घरी आल्या. हसलेली ती पुढं होती. "चुकलं गं," असं काही ती म्हणाली नाही. "बाळसं धरलंय की," एवढंच म्हणाली. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. कुंची मात्र घेतली, पोरीचे कान गार पडले होते.