डोंगराची पावती

चहाला चार जण जमले की कुणीतरी विचारतंच, "तुमच्या त्या डोंगराचं काय झालं ओ?" मग एकातून एक किस्सा निघतो. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो.

नव्वदीची शेवटची वर्षं. कोल्हापूरच्या पश्चिमेला एक डोंगर आम्ही सहा जण दर रविवारी चढायचो. मालकानं तो विकायला काढला. तिथं हॉटेलं होण्याआधी वर्गणी काढून आपणच घ्यायचा, असं ठरलं! आमच्यातल्या कांबळे सरांनी पावतीपुस्तकं छापली. शाळामास्तर माणूस, त्यांचा नियम कडक. "मागणाऱ्यानं स्वतःच्या नावानं पावती फाडायची नाही. बरं दिसत नाही." आम्ही आमचे पैसे गुपचूप डब्यात टाकायचो.

*

पहिली पावती दत्तूमामांची. त्यांची बकरी त्या डोंगरावर चरायची. वर त्यांच्या आईनं मांडलेला म्हसोबा होता. मामांनी अकरा रुपये काढले. "फाडा माझ्या नावाची. डोंगर माझाबी हाय की!" पावती घडी करून पटक्यात खोचली.

*

गुळाचा अडत्या म्हणाला, "डोंगर वाचवायचा? का, पळून चाललाय व्हय?"

सगळं दुकान हसलं. एक्कावन्न दिले मात्र त्यानं.

*

देणगीदारांना डोंगर दाखवायचा, ही आयडिया माझी. मिसळ खाऊ घालून वर न्यायचो. पांढऱ्या बुटांतले एक गृहस्थ तीन रविवार आले. "पाणी हाय का वर?" मी हाताला धरून झरा दाखवला. उन्हाळ्यातही आटत नाही, हेही सांगितलं!

"झकास!" म्हणाले.

चौथ्या रविवारी ते आले नाहीत. त्यांचा मोजणीवाला आला. सर मला एका शब्दानंही बोलले नाहीत, ते अजून सलतं.

*

वर्गणी परत करायला आम्ही दारोदार फिरलो. अडत्या म्हणाला, "पळाला की ओ डोंगर!" या वेळी तो हसला नाही.

मामांनी पैसे घेतलेच नाहीत. "पैसं नगं. पावती ऱ्हाऊ दे."

*

पुढच्या वर्षी डोंगराला कुंपण आणि गेट. एका रविवारी आम्ही सहाही जण गेलो. पुढं नारळ घेऊन मामा. वॉचमननं हटकलं, "पास?"

मामांनी पटक्यातली पावती काढली. वॉचमननं ती उलटसुलट करून वाचली. "डोंगर निधी... अकरा रुपये... शिक्का हाय. जावा."

गेट उघडलं. मामांच्या मागोमाग आम्ही निघालो, तर त्यानं काठी आडवी घातली.

मामा आतून ओरडले, "आरं, यांनीच दिलीया मला ती!"

"व्हय, पर यांच्या नावाची कुठाय?"