मुद्देवाले साहेब

माणसं बरी करायले शिकवणं हा माझा धंदा. माफ करायले मात्र मी कोणाले शिकवत नाही, मले स्वतःलेच ते येत नाही.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भंडाऱ्यात नर्स, काउन्सेलर, मास्तरीण, जी येईन तिले सीबीटी शिकवते. म्हणजे मनात आलेला विचार धरायचा आणि तो खरा का खोटा, हे त्याच माणसाच्या तोंडून तपासून घ्यायचं. ऐकायले सोपं वाटते. करून पाहा मग.

मी नागपूरले शिकत होती तेव्हाची गोष्ट. आमचे एक सर होते. सर आम्ही तेव्हा म्हणायचो, इथं मी त्याले 'तो'च म्हणणार. आपल्या सेशनचं रेकॉर्डिंग सरांना ऐकवायचं, ही आमच्या शिक्षणाची रीतच आहे. त्यानं माझं रेकॉर्डिंग भरल्या वर्गात लावलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली एक बाई होती त्यात. मी तिले विचारलं होतं, "काकू, तेव्हा मनात काय येऊन राहिलं होतं तुमच्या?" त्यानं तिथंच रेकॉर्डिंग थांबवलं आणि माझा आवाज काढून, हेल काढून तेच वाक्य म्हटलं. वर्ग हसला.

"मुद्दा असा आहे," तो म्हणाला, "या भाषेत अड्याळच्या बाजारात वांगी विकता येतात. थेरपी होत नाही."

मी अड्याळचीच. पुन्हा सगळे हसले. मी खाली मान घालून बसली आणि डूख धरला.

पुढं मी शिकवायले लागली आणि उट्टं काढायची जागा मले आयतीच सापडली. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवणारा पेशंट होते आणि शिकणारा थेरपिस्ट. रोल-प्ले म्हणतात त्याले. मी दर बॅचले तोच एक पेशंट झाली. त्याच्यासारखाच चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवायचा, रुमालाची घडी घालायची, मोडायची, आणि "मुद्दा असा आहे" म्हणून समोरच्याचा अपमान करायचा. पोरी त्याले मुद्देवाले साहेब म्हणायच्या. नाव मी कधीच सांगितलं नाही.

नुसत्या नकलेनं माझं पोट भरलं नाही. खेळातल्या खेळात मी त्याले रिटायर केलं. फोन त्याच्या उशाशी ठेवला, पण तो कधी वाजू दिला नाही. बायकोले दुसऱ्या खोलीत जेवायले बसवलं. पोराले परदेशी धाडलं, सणालेही विचारत नाही असं. शाप द्यावा तसं एकेक जोडत गेली. जीव थंड व्हायचा बाप्पा, खोटं कायले बोलू?

तरी मले खरं पाहिजे होतं ते एकच. भरला वर्ग त्याच्या तोंडावर हसावा, आणि त्याले समजावं, वर्ग काहून हसला.

आणि मागच्या बॅचच्या शेवटच्या दिवशी तो आला. वरून कोणीतरी पाहुणा म्हणून त्याले धाडलं होतं. केस पांढरे झालेले, पण सुंभ जळला तरी पीळ कायम. माझा नमस्कार घेतला, ओळख काही पटली नाही. खुर्चीत बसला, चष्मा काढला, टेबलावर उलटा ठेवला. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"मुद्दा असा आहे..." त्यानं सुरू केलं, आणि पोरींनी ओढण्यांत तोंडं खुपसली. अवं माय! मले नुसत्या उकळ्या फुटून राहिल्या होत्या.

त्याले वाटलं, खेड्यातल्या बाया लाजल्या. म्हणाला, "पाहू काय शिकलात ते. मीच पेशंट होतो. कोण येतं समोर?"

मी करडी गावच्या नर्सले उठवलं. मुद्देवाल्या साहेबानं सगळ्यांत जास्त रडवलेली पोरगी ही. मनात म्हटलं, जा बाई, जिरव त्याची.

"तुमच्यासारख्यांशी बोलून काय होणार?" त्यानं पहिलाच दणका दिला. ती चिडली नाही. तिले पाठ होतं, हा माणूस आधी टोचते, आपण चिडलो नाही का रुमाल काढते. त्यानं रुमाल काढला.

"साहेब," तिनं हळूच विचारलं, "शेवटचा फोन कधी आला होता तुमाले?"

मी रचलेल्या माणसाचं दुखणं तिनं खऱ्या माणसाले विचारलं. तो "मुद्दा असा आहे," म्हणाला, आणि पुढं मुद्दा आलाच नाही. मग म्हणाला, "आठवत नाही."

"फोन वाजत नाही, तेव्हा मनात काय येऊन राह्यते तुमच्या?"

माझंच वाक्य, हेलासकट.

"कोणाला माझी गरज उरली नाही," तो म्हणाला. रुमालाची घडी मोडली.

हसा ना गं आता, मी मनात ओरडली. एकही हसली नाही. ओढण्या खाली आल्या होत्या, आणि सगळ्या जणी तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहून राहिल्या होत्या. मीच शिकवलं होतं तसं. असा राग आला त्यांचा! माझ्या तोंडचा घास काढला पोट्ट्यांनी.

तिनं शेवटपर्यंत नीट नेलं त्याले. उठताना त्यानं रुमालानं डोळे पुसले आणि विचारलं, "कोणी शिकवलं तुम्हाला?" तिनं माझ्याकडं बोट केलं.

तो वळला. "उत्तम शिकवता हो तुम्ही. कुठं शिकलात?"

मी हात जोडले. "अड्याळच्या बाजारात, सर."

चष्मा लावता लावता त्याचा हात तसाच राहिला. पोरींना वाटलं, ताई मस्करी करून राहिल्या. भरला वर्ग खदखदून हसला. तो माझ्या तोंडाकडं पाहत उभा होता, आणि त्याले समजलं होतं काहून.