माझा गुडघा आणि नातीचा रेला

मी नातीचं नशीब घालवलं, असा माझ्यावर घरात आरोप आहे. मुलगा ते तोंडाने बोलत नाही. जेवताना तो वरणाची वाटी माझ्याकडे सरकवत नाही, मला मागून घ्यावी लागते, त्यावरून कळतं. पुण्याची सून फार सभ्य आहे. ती म्हणते, "बाबा, जे झालं ते झालं." म्हणजे तिच्याही मनातून गेलेलं नाही. नातेवाइकांत तर गोष्ट अशी फिरते आहे की एवढी चांगली संधी दारात आली होती आणि म्हाताऱ्याने रागाच्या भरात तिला हाकलून दिलं. तेव्हा काय झालं ते मीच लिहून ठेवतो.

आमचं गाव जुन्या निजामाच्या मुलखातलं. मिसरूड फुटायच्या आत मी हैदराबादला आलो, कुकटपल्लीच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिलो आणि पुढे जुनी लेथ मशिनं घ्यायच्या-विकायच्या धंद्यात शिरलो. नल्लकुंट्याचं घर त्याच धंद्यावर झालं. या धंद्यात मला कोणी शिकवलं नाही, फसवणाऱ्यांनी शिकवलं. विकणारा मशीन घासूनपुसून, रंग मारून ठेवतो. म्हणून मी मशीनकडे शेवटी बघतो. आधी बघतो मागची भिंत. तेलाचे शिंतोडे कुठवर उडालेत, कुठे नवा चुना फासलाय. मशीन सगळेच पुसतात, भिंत पुसायची कोणाला आठवण राहत नाही.

नात नऊ वर्षांची. तबला शिकते. बरकतपुऱ्यात एक गुरुजी आहेत, दर रविवारी तिला मीच घेऊन जातो. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. खोलीत जो बसेल त्याने हाताने ताल धरायचा. पोरांना न्यायला आलेले आई-बाप, आजे, एकदा तर पाण्याचा कॅन द्यायला आलेला माणूससुद्धा. मी पहिल्यांदा म्हणालो, "गुरुजी, मला यातलं काही कळत नाही." ते म्हणाले, "कळायचं नाही, वाजवायचं. टाळी, टाळी, खाली, टाळी." आयुष्यभर लोकांना माझ्या तालावर नाचवत आलेला मी माणूस, तिथे मांडी घालून टाळ्या देत बसायला लागलो. गुरुजी लय वाढवायची घाई कधी करत नाहीत. पोरगी एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच बांधणी, संथ लयीत वाजवत राहायची आणि मी टाळी देत राहायचो. त्यामुळे मला तबला कळत नसला तरी तिची लय माझ्या तळहातांना कळत होती.

मग मुलाने तिचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बघता बघता घराचा स्टुडिओ झाला. दिवाणखान्यातला सोफा गॅलरीत गेला. माझी खुर्ची "फ्रेममध्ये येते" म्हणून हलली. पोरीला मराठी लोकांसाठी नऊवारी आणि नथ, तेलुगू लोकांसाठी लंगा-ओणी, म्हणजे परकर आणि ओढणी. बोल तेच, हात तोच, कपडे बदलून पुन्हा. ती म्हणायची, "बाबा, नथ टोचते." तो म्हणायचा, "एक मिनिट गं, फक्त एक मिनिट." खरोखर एका मिनिटाचंच काम असायचं. गुरुजींकडे ती ज्या कायद्यावर अख्खा तास बसायची, त्यातलं शेवटचं मिनिटच लोकांना हवं होतं.

त्यातला एक रेला फार चालला. रेला म्हणजे अगदी द्रुत लयीत, न थांबता वाजवायचे बोल. सिकंदराबादला भाजीवाल्याने मला विचारलं, "तबलेवाली बच्ची आपकी पोती है ना?" आणि कोथिंबीर वर टाकली. मुलगा ऑफिसातून फोन करून सांगायचा, आज किती लोकांनी बघितलं. घरात सगळे खूश होते.

पोरगी मात्र खूश नव्हती, आणि हे कोणाला दिसत नव्हतं. संध्याकाळी ती आपला मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायची, तोच व्हिडिओ लावायची आणि त्याच्याबरोबर वाजवायला बसायची. थोडं वाजवून मागे पडायची. परत लावायची, परत मागे पडायची. तिची आजी रात्री तिच्या मनगटाला मलम चोळायची आणि मला सांगायची, "वाढतं अंग आहे, दुखतं." एके दिवशी मी खोलीत गेलो, तर तिने तबल्यावर गवसणी चढवून ठेवली होती.

"काय गं, आज लवकर आटपलं?"

"मला नाही शिकायचं आबा."

"का?"

"मला येतच नाही. त्या दिवशी आलं होतं, आता येत नाही." तिने मोबाइलकडे बोट दाखवलं. "तिच्यासारखं येत नाही."

"ती म्हणजे कोण? तूच ना?"

"हो ना. तेच तर."

पोरांचं असतंच, असं मला तेव्हा वाटलं. त्याच आठवड्यात मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. एक माणूस येणार होता. लहान मुलांच्या व्हिडिओंचा धंदा बघणारा. वर्षभराचा करार, रोज एक व्हिडिओ, जाहिराती. "बाबा, बोलणी तुम्ही करा," मुलगा म्हणाला. "तुमच्यासारखी घासाघीस मला जमणार नाही." या घरात माझ्या घासाघिशीची लाज वाटत आलेली आहे. सून आली तेव्हा मी सोनाराशी घातलेला वाद ती अजून विसरलेली नाही. आता मात्र माझी गरज होती. मी हो म्हणालो.

सौद्याला बसण्याआधी माल बघायचा हा माझा नियम. म्हणून मी तो रेल्याचा व्हिडिओ पहिल्यांदा नीट बघायला घेतला. आणि सवयीने पोरीकडे नाही, मागे बघितलं. मागे जाळीच्या दारातून स्वयंपाकघराचा कोपरा दिसत होता आणि तिथून एक माणूस हातात चहाचा कप घेऊन तुरुतुरु चालत गेला.

तो मी होतो.

मी परत लावलं. माझा उजवा गुडघा गेलेला आहे. मशीन उतरवताना साखळी सुटली होती, तेव्हापासून. मी घरात पाय टाकतो तो बैलाला उतारावर धरावं तसा. आणि हा माणूस लग्नाच्या पंगतीत वाढप्या धावतो तसा निघाला होता. वर पंखाही कधी नव्हे एवढा जोरात फिरत होता. मी मांडीवर ताल धरून बघितला. टाळी जागेवर पडेना. तळहात सांगत होते, ही तिची लय नाही.

मुलाला बोलावून विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "थोडंसं वाढवलंय बाबा. सूर तसाच राहतो, फक्त लय वाढते. सगळेच करतात."

"तिला माहीत आहे?"

"तिला कशाला सांगायचं? तिचा कॉन्फिडन्स जाईल."

मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मशीन वाढवून सांगणारे मी शेकड्याने बघितले. पण मशीनला स्वतःचीच लाज वाटायला लावणारा मी पहिल्यांदा बघत होतो, आणि तो माझ्याच पोटचा होता. ती मनगट सुजेपर्यंत कोणाच्या मागे धावत होती? जी मुलगी कधी नव्हतीच, तिच्या. मी म्हणालो, "आत्ता जाऊन तिला सांग." तो म्हणाला, "करार होऊ द्या, मग सांगतो." दारात गाडी थांबल्याचा आवाज आला आणि तो शर्ट नीट करत उठला.

माणूस तरुण होता, गोड बोलणारा. आल्याआल्या मला तेलुगूत आजोबा म्हणत वाकून नमस्कार केला. "तातगारू, आपकी पोती तो कमाल है!" मी त्याला चहा उशिरा द्यायला सांगितला. समोरच्याला वाट बघायला लावली की तो जास्त बोलतो. तो बोललाच.

"देखो अंकल, जल्दी करना पड़ता. अभी छोटी है, क्यूट है, तब तक ही है. बारा की हो गई तो कौन देखता?"

"आणि मग?"

"मग क्या?" तो हसला. "तब तक दूसरी आ जाती."

सून चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली. मी म्हणालो, "भई, मी जुन्या लेथ विकतो. भंगारातल्या लेथलाही मी यापेक्षा जास्त आयुष्य सांगतो."

"अरे अंकल, लाइट लो ना."

"माझी एक अट आहे. ती मान्य असेल तर पुढचं बोल. एका दमात, न कापता व्हिडिओ. वेगाला हात लावायचा नाही."

"उसमें क्या मज़ा अंकल? लोगां तीन सेकंद में आगे बढ़ जाते."

"तर लोगांना जाऊ दे."

मुलगा मध्ये पडला, "बाबा, आपण आधी आकड्याचं बोलू." आणि मग मी बोललो, आवाज चढवून, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं. "आकड्याचं कशाला? आधी पोरीला सांग की तू तिला खोटं विकतोयस! तिला आधी, गिऱ्हाइकाला नंतर!"

ती दारातच उभी होती. नऊवारीत, नथ लावून. दाखवायला म्हणून सजवून ठेवलेली.

"काय खोटं?"

मीच सांगितलं. तुझा व्हिडिओ वेग वाढवून पळवला आहे. मागे आबा कसा चालतो ते बघ. तिने बापाच्या हातातून मोबाइल घेतला, बघितलं, परत बघितलं. मला वाटलं रडेल.

"म्हणजे ती मी नव्हते?"

"तूच होतीस बाळा," मुलगा म्हणाला, "फक्त जरा..."

"जरा काय?"

तिने नथ काढून टीपॉयवर ठेवली आणि आत गेली. पाहुण्याने चहा अर्धा सोडला.

तो गेल्यावर मुलगा म्हणाला, "तुम्ही सौद्याला बसला होतात की बाजार उधळायला?" सून म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आम्हाला बाजूला घेऊन सांगू शकला असतात." सांगितलं होतं, मुलाला. त्याने करारानंतरची वेळ दिली. त्या वेळेपर्यंत पोरीने तबला सोडलेला असता, हे मला कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं. एवढंच आमच्यात भांडण आहे.

पुढे कित्येक दिवस गवसणी निघाली नाही. ती माझ्याशीही बोलेना. तिच्या लेखी मीही त्यांच्यातलाच होतो, कारण मीही कोथिंबीर फुकट घेतलीच होती. रविवारी मी एकटाच बरकतपुऱ्याला गेलो आणि गुरुजींना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तिला घेऊन या. वाजवू नको म्हणावं. ताल धरायला या." ती आली. लहान पोरं वाजवत होती आणि ती माझ्या शेजारी बसून टाळ्या देत होती. तिसऱ्या रविवारी तिने स्वतःच तबला ओढून घेतला. तोच कायदा, तीच संथ लय.

परवा गुरुजींच्या एका जुन्या शिष्याला पाठवायला म्हणून तिचं वादन चित्रित करायचं ठरलं. मुलानेच मोबाइल स्टँडवर लावला. ती साध्या फ्रॉकमध्ये बसली, हातोडीने तबला ठोकून सुरात घेतला आणि मान वर केली.

"आबा, तुम्ही मागून चाला."

"आबांना कशाला मध्ये आणतेस," मुलगा म्हणाला, "फ्रेम खराब होते."

"होऊ दे. आबा नसतील तर मी वाजवणार नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. वरणाची वाटी तो त्या रात्रीही सरकवणार नव्हता, आणि मीही काही मागे घेणार नव्हतो. मी स्वयंपाकघरात गेलो, कप भरून घेतला आणि तिने पहिला 'धा' वाजवल्यावर जाळीच्या दारामागून निघालो. गुडघा दुखत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला.